‘आपण आदिवासींना सुधारलं का?’ या प्रश्नाला घरी काय उत्तर द्यावं

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सहावीत, राहायला पुण्यात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याच्या वर्गाने ‘आदिवासी नृत्य’ केलं. तोंडाला काळा रंग, कमरेला पानं, हातात पुठ्ठ्याचे भाले आणि भरपूर आरडाओरडा. घरी आल्यावर त्याने विचारलं, ‘‘हे लोक आधी जंगली होते ना? मग त्यांना कोणी सुधारलं, आपण की इंग्रजांनी?’’ आजोबा म्हणाले, ‘‘इंग्रजांनी भिल्लांचा बंदोबस्त केला, तेव्हा कुठे खानदेशात लोक सुखाने फिरू लागले.’’ आईला हे खटकलं, पण काय सांगावं ते सुचेना. पुस्तकावर शंका घ्यायला शिकवलं तर मुलगा परीक्षेत काय लिहील, आणि स्वतःच्या पूर्वजांबद्दल त्याच्या मनात अढी तर बसणार नाही, हीही धास्ती आहे.

ताई, आजोबांपासूनच सुरुवात करते. त्यांना गप्प करू नका, कारण त्यांचं वाक्य त्यांनी मनाने रचलेलं नाही. इंग्रजांच्या दप्तरातून ते शाळेच्या पुस्तकांत आलं, आणि पुस्तकांतून तीन-चार पिढ्यांच्या तोंडी बसलं. मुंबई सरकारने १८८० साली खानदेश जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, छापलं. भिल्लांनी लूटमार केली, १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारने आधी फौजा पाठवल्या, मग १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली आणि मुलूख शांत झाला, अशी सगळी हकिगत त्यात आहे. धरणगाव हे त्या भिल्ल पलटणीचं ठाणं. घडलं ते घडलंच, ते खोटं नाही.

आता मुलाला जवळ घेऊन एवढंच विचारा: ‘‘लूटमार सुरू व्हायच्या आधी ही माणसं काय करत होती?’’

याचं उत्तर त्याच सरकारी दप्तरात आहे, आणि मला गंमत वाटते ती याची. सातपुड्याचे आणि अजिंठ्याच्या डोंगरातले घाट भिल्ल नाईक राखत. वाटसरूंना, गुराढोरांना सांभाळायचं आणि त्याबद्दल गावांकडून ठरलेला हक्क घ्यायचा, अशी ती व्यवस्था होती. अठराव्या शतकाच्या शेवटी होळकर-शिंद्यांच्या धुमाळीत आणि १८०३-०४ च्या दुष्काळात ती मोडली. गावं उजाड झाली आणि हक्क बुडाले. त्याच सुमारास पेशव्यांच्या सरसुभेदाराने भिल्लांना कोपरगावला बोलावून घेऊन त्यांची कत्तल केली, असं इंग्रजांनीच नोंदवून ठेवलंय. कोपरगाव म्हटल्यावर आपल्याला साखर कारखाने आठवतात. ही गोष्ट मी स्वतः शाळेत असताना मला कोणीही सांगितली नव्हती. मग राज्य बदललं. नव्या राज्यकर्त्याला घाट राखणारा नाईक नकोच होता, त्याला पोलीस ठाणं हवं होतं.

एवढं कळल्यावर मुलगा आपणहून म्हणतो, ‘‘म्हणजे त्यांचं काम गेलं, म्हणून ते लुटायला लागले?’’ तुम्ही लगेच हो म्हणू नका. ‘‘असेल. आणखी काय कारण असेल?’’ असं विचारून सोडून द्या.

माझी बरीच नोकरी नंदुरबारकडच्या आश्रमशाळांत झाली, नंतर नाशिकला शहरी मुलांना शिकवलं, आणि आता शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. दोन्हीकडची मुलं पाहून माझं मत पक्कं झालंय. ‘कोण चांगला, कोण वाईट’ या प्रश्नाने इतिहास शिकवायला घेतला की मूल फक्त बाजू बदलतं. काल इंग्रज चांगले होते, आज वाईट झाले, एवढाच फरक. डोकं चालवायची सवय लागतच नाही. त्याऐवजी कुठलाही धडा घ्या आणि विचारा: ही जमीन, हे जंगल आधी कोणाच्या हातात होतं? नंतर कोणाच्या हातात गेलं? आणि मधला कागद कोणी लिहिला? आदिवासींच्या इतिहासाला या तीन प्रश्नांइतकी नेमकी किल्ली मला दुसरी सापडलेली नाही. आदर बाळगा म्हणून सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि विसरतात. कोणाचं काय गेलं हे कळलं की ती ते विसरत नाहीत.

अकोले तालुक्यातल्या राघोजी भांगरेची गोष्ट मी हमखास घेते. हा देवगावचा, महादेव कोळी जमातीचा. बाप रामजी भांगरे, त्यानेही इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललेलं. महादेव कोळ्यांकडे डोंगरी किल्ल्यांच्या आणि घाटांच्या राखणीची कामं होती, तशी वतनं होती. १८१८ नंतर किल्ल्यांवरची शिबंदी मोडली, हक्क कापले गेले, आणि शेतसारा मात्र रोखीत भरायचा ठरला. रोख आणायची कुठून? सावकाराकडून. सावकाराच्या चोपडीत अंगठा उमटला की व्याज फिटेपर्यंत जमीन त्याच्या नावावर गेलेली असायची. राघोजीच्या माणसांनी सावकारांची नाकं कापली ती या काळात. पुढे तो पंढरपूरला पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली.

वर्गात नाकं कापल्याचं सांगितलं की आधी हशा होतो. मग मी फळ्यावर हिशोब मांडायला लावते. आकडे मनचेच, पण व्यवहार खरा: भातासाठी वीस रुपये कर्ज काढलं, रुपयाला महिन्याला एक आणा व्याज, पीक सहा महिन्यांनी हातात, त्यात सारा आधी. मुलं आणे-पैशांत अडखळतात, म्हणून सोळा आण्यांचा रुपया आधी समजावून घ्यावा लागतो. महिन्याला वीस आणे, म्हणजे सव्वा रुपया. सहा महिन्यांत साडेसात रुपये व्याज झालं आणि मुद्दल जिथल्या तिथे, हे दिसलं की वर्ग शांत होतो. एका मुलीने विचारलं होतं, ‘‘बाई, राघोजीला लिहिता येत असतं तर त्यानेही चोपडी ठेवली असती ना?’’ त्या प्रश्नाच्या पुढे मला त्या दिवशी काही शिकवावं लागलं नाही. नाक कापणं बरोबर होतं का, यावर मुलं भांडतात. भांडू द्यावं. मी निकाल देत नाही.

सहावी-सातवीच्या मुलाला चालणारी आणखी एक युक्ती सांगते. कायदा वाचायला द्या. अख्खा नाही, एकेक कलम. ज्या गोष्टीला कायदा मनाई करतो ती गोष्ट सर्रास चालू असणार, नाहीतर कायदा करायची गरजच काय? मुलांना हा उलटा तपास फार आवडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६-अ आहेत. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही, असा त्यांचा अर्थ. शिवाय १९७४ चा एक कायदा आहे, आदिवासींच्या गेलेल्या जमिनी त्यांना परत करण्याचा. ‘परत करण्याचा’ म्हणजे त्या गेल्या होत्या हे सरकारनेच लिहून दिलं! वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, म्हणजे तोवर ती होती. कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जात आणि ती उचल फिटता फिटत नसे. आजही अशा बातम्या येतात. डहाणू-तलासरीच्या वारल्यांकडे ‘लग्नगडी’ होते. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या साथीने वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यांत जेठ्या गांगड मारला गेला.

आणि जंगल. १८७८ च्या वन कायद्याने ‘राखीव जंगल’ आलं. सरपण, चराई, डिंक, मोह, सगळ्याला परवानगी लागू लागली. आदल्या पावसाळ्यापर्यंत जे घर चालवणं होतं, ती चोरी ठरली. १९२७ चा कायदा त्याच वळणाचा आणि तो अजून लागू आहे. १९३० मध्ये उरणजवळ चिरनेरला लोक जंगल सत्याग्रहासाठी अक्कादेवीच्या डोंगरावर गेले. २५ सप्टेंबरच्या त्या दिवशी गोळीबार झाला आणि मारल्या गेलेल्यांत नाग्या कातकरी होता. रायगड जिल्ह्याबाहेर हे नाव किती जणांना ठाऊक आहे? शेवटी २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत आपल्या संसदेने ‘ऐतिहासिक अन्याय’ असे शब्द वापरले. हे कोणा चळवळ्याचं पत्रक नाही, देशाचा कायदा आहे. आजोबांसमोर ठेवायला मला हा कागद सर्वांत सोयीचा वाटतो, कारण वाद सरळ संसदेशी घालावा लागतो.

आता ‘सुधारलं का?’ या मूळ प्रश्नाकडे. याचं थेट उत्तर द्यायच्या आधी मुलाला विचारा, नागपूर कोणी वसवलं? बहुतेक मुलं, आणि बरीच मोठी माणसंही, भोसल्यांचं नाव घेतात. नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ साली. त्याच्या वारसाने, चांद सुलतानने, तिथे राजधानी आणली. भोसले आले ते नंतर. चंद्रपूरचा परकोट, जटपुरा नि पठाणपुरा दरवाजे, हेही गोंड राजांचंच काम, आणि राणी हिराईने नवऱ्याची, वीरशाहची, समाधी बांधली ती आजही उभी आहे. परकोटाची भिंत बांधून घेणाऱ्यांना पाटबंधारे, कारागीर, करवसुली सगळं माहीत होतं. जमल्यास सुट्टीत चंद्रपूरला जा. ताडोब्याला जाणारे पुणेकर त्या दरवाज्यांजवळून जातात आणि वळूनही पाहत नाहीत.

मात्र याचा अर्थ ‘राजे होते म्हणून आदर’ असा लागू देऊ नका. राजा नसलेल्या कातकऱ्यांचं, कोलामांचं काय मग? गडचिरोलीतलं मेंढा-लेखा दाखवा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं हे गोंडांचं छोटं गाव. सगळ्यांची संमती होईपर्यंत ग्रामसभा बोलत राहते, बहुमतावर निर्णय उरकत नाही. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क त्यांना मिळाला आणि पुढे बांबूचा व्यवहार त्यांनी स्वतः केला. आपल्या सोसायटीची वार्षिक सभा मुलाने पाहिली असेल तर तुलना तो स्वतःच करेल.

पुस्तकातला आदिवासी बहुधा भूतकाळात असतो किंवा प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथावर. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात १ कोटी ५ लाख आदिवासी होते, दर अकरा माणसांत जवळपास एक. म्हणून शक्य तिथे नुसतं ‘आदिवासी’ म्हणून थांबू नका, जमातीचं नाव घ्या. पावरा, कोकणा, ठाकर, वारली, कातकरी, महादेव कोळी, माडिया, कोरकू. पावरी बोलणारं मूल आणि कोरकू बोलणारं मूल एकमेकांशी बोलू लागलं तर दोघांनाही मराठीचाच आधार घ्यावा लागतो, इतक्या त्या भाषा वेगळ्या आहेत. वारली चित्रं तुमचा मुलगाही शाळेत काढत असेल. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, सुवासिनी लिहितात, त्यात पालघाट देवी असते, तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही, हे चित्रकलेच्या तासाला कोणी सांगतं का? कपावर छापलेली त्रिकोणी माणसं तेवढी उरतात.

आदराची खरी परीक्षा दुसरीकडेच होते. नाशिकला एका वर्गात कंपासपेटी हरवली. कोणी काही बोललं नाही, पण वर्गातले डोळे एका पारधी मुलाकडे वळले. त्यानेही ते पाहिलं आणि मुकाट दप्तर उघडून बाकावर उपडं केलं. कोणी सांगितलं नव्हतं. पेटी पुढे खेळाच्या खोलीत सापडली, पण तोवर मी धडा बदलला होता. १८७१ साली इंग्रजांनी कायदा केला की काही जमाती जन्मानेच गुन्हेगार. पुढे तो देशभर पसरला. नाव नोंदवायचं, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा, आणि काहींना तर तारेच्या कुंपणात ठेवलं. सोलापुरात आजही ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती आहे. स्वातंत्र्य १९४७ ला आलं, या लोकांच्या कपाळावरचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला, म्हणून ते लोक तो दिवस पाळतात. कायदा गेला, पण त्या दिवशी वर्गातल्या नजरांत तो होता. मी त्या मुलाचं नाव न घेता एवढंच विचारलं, की जन्मल्या दिवसापासून तुमची हजेरी पोलीस चौकीत लागली असती तर तुम्ही काय केलं असतं. उत्तरं वहीत लिहून घेतली, मोठ्याने वाचून घेतली नाहीत. अशा वेळी त्या मुलाला उभं करून ‘तुझे अनुभव सांग’ म्हणणं ही दुसरी शिक्षा असते. तुमच्या मुलाच्या वर्गात असं कोणी असेल तर त्याला समाजाचा प्रतिनिधी करू नका, मित्र म्हणून जेवायला बोलवा.

परीक्षेचं सोपं आहे. पेपरात पुस्तकातलं उत्तर लिहायचं आणि वहीच्या मागच्या पानावर स्वतःचा प्रश्न लिहायचा. मुलांना हे दोन हिशोब सहज जमतात, घोळ आपल्या डोक्यात असतो. पूर्वजांबद्दल अढी बसेल ही भीती मी खूप आयांकडून ऐकलीय. कोपरगावचं सांगितलं म्हणून कुठल्या मुलाचं शिवाजी महाराजांवरचं प्रेम कमी झालेलं मी पाहिलं नाही. उलट मावळातले, जुन्नरकडचे महादेव कोळी आणि त्यांचे किल्ले यांच्याविषयी मुलं जास्त विचारू लागतात. मुलाने ‘आपण वाईट होतो का?’ असं विचारलंच तर सांगा की तू तेव्हा नव्हतास. पण आज आपलं धरण, आपलं पाणी, आपली वीज कुठून येते आणि त्यासाठी कोण उठून गेलं, हे तुला शोधता येईल. उकाई आणि सरदार सरोवर या धरणांसाठी तापी-नर्मदेकाठची पावरा-भिल्लांची गावं उठली. आठवी-नववीत हा प्रकल्प म्हणून उत्तम विषय आहे.

कोलंबसाला नावं ठेवणं मात्र आपल्या लोकांना फार सोपं जातं. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या नात्यातल्या मुली थँक्सगिव्हिंगला मुलांच्या डोक्यावर कागदी पिसं लावायला नकार देतात, आणि ते बरोबरच आहे. १६२१ मध्ये प्लिमथला गोरे वसाहतवाले आणि मूळ रहिवासी एकत्र जेवले, ही या सणामागची गोष्ट गोड करून सांगतात. तिथले मूळ रहिवासी १९७० पासून तोच दिवस शोकाचा म्हणून पाळतात. पण त्याच घरी इथले फोटो पाठवले जातात तेव्हा पानांचे घागरे घातलेल्या भाच्याला ‘सो क्यूट’ म्हणतात. ज्या जमिनीवर त्यांचं न्यू जर्सीतलं घर आहे ती लेनापे लोकांची होती. आणि माहेर ज्या तालुक्यात आहे तिथली कोणाची होती, हेही त्याच मुलांना विचारता येईल.

उलट्या बाजूचीही खबरदारी घ्या. हल्ली आदिवासी वीरांविषयी फॉरवर्ड फिरतात. त्यांत तारखा चुकलेल्या, लढाया फुगवलेल्या, चित्रं तिसऱ्याच माणसाची. त्यांनाही तेच प्रश्न: कोणी लिहिलं, कशावरून? इंग्रजांविरुद्ध बंड करणारा तंट्या भिल्ल ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फासावर गेला. त्याला मोठं करायला चमत्कारांची गरज नाही. तसंच ‘निसर्गाची निरागस लेकरं’ हे कौतुकही टाळा. बाजारात मोहाचा भाव पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याशी घासाघीस करणारी पावरा बाई तुम्ही पाहिली असती, तर निरागस म्हटलं नसतं.

राहिलं गॅदरिंग. झाल्या कार्यक्रमावरून शिक्षकांशी भांडू नका, त्यांना नाच बसवायला पंधरवडा मिळतो आणि गाणं मोबाइलवरून मिळतं. पुढच्या वर्षासाठी दिवाळीच्या सुट्टीआधीच भेटा, कारण नंतर नाच ठरलेले असतात. तारपा किंवा पावरी नाच घ्यायचाच असेल तर तो नाचणाऱ्या एखाद्या गटाला मानधन देऊन शिकवायला बोलवा, नेहमीचे कपडे घाला, काळा रंग बंद, आणि निवेदनात जमातीचं नाव, गाव, हा नाच कधी नाचतात ते सांगा. शाळा नाही म्हणाली तर १५ नोव्हेंबरचा परिपाठ मागून घ्या. बिरसा मुंडांच्या जयंतीचा कार्यक्रम शाळांना तसाही करावा लागतो. तिथे तुमच्या मुलाला पाच मिनिटं द्या आणि विषय द्या, ‘नागपूर कोणी वसवलं?’ आजोबांना त्याची तयारी करून घ्यायला बसवा.